सीसीटीव्हीच्या देखरेखीखालील कोंबड्या

शहरापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर हौसेने बांधलेल्या शेतघरांत ज्या गावरान कोंबड्या पाळल्या जातात, त्यांच्या संरक्षणव्यवस्थेत अलीकडे सीसीटीव्ही कॅमेऱ्याला अग्रस्थान प्राप्त झाले आहे. खुराडे, म्हणजे कोंबड्यांना रात्री कोंडण्याची जागा, उतरत्या कौलांचे, रंगीत आणि पाहुण्यांना दाखवण्याजोगे असते. त्याच्या दाराला कडी असावी आणि ती तिन्हीसांजेला कोणीतरी लावावी, ही बाब मात्र या व्यवस्थेत अद्याप समाविष्ट झालेली नाही.

कॅमेरा आपले काम चोख बजावतो, याविषयी शंका नाही. अंधारात कोंबडीला फारसे दिसत नाही, त्यामुळे ती पळण्याऐवजी जाळीवर आपटत राहते. कॅमेऱ्याला मात्र सारे लख्ख दिसते. रानमांजर दारातून आत येते, एक कोंबडी मारते, मग दुसरी, मग उरलेल्या, आणि नेते एकच. या वर्तनाला ‘अतिरिक्त शिकार’ म्हणतात. हान्स क्रूक या प्राणिशास्त्रज्ञाने 1972 मध्ये त्याची चिकित्सा केली होती. बंदिस्त जागेत भक्ष्य निसटू शकत नाही आणि त्याची फडफड भक्षकाला पुन्हा पुन्हा चेतवत राहते, असे त्यामागील कारण सांगता येते.

मालकाच्या फोनवर तत्क्षणी सूचना पोहोचते, पण फोन शहरात, उशाशी, आवाज बंद करून ठेवलेला असतो. सकाळी चित्रफीत पाहिली जाते, चहाबरोबर पुन्हा पाहिली जाते, मान धरण्याचा क्षण संथ गतीने पाहिला जातो, मग ती चित्रफीत नात्यागोत्यात पाठवली जाते आणि कोणीतरी तिला तबल्याची साथही जोडते. मांसाहारी प्राण्यांच्या डोळ्यांत प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे रात्रीच्या चित्रणात डोळे दिव्यांसारखे चमकतात. एवढ्या पुराव्यावर दुपारपर्यंत रानमांजराचा बिबट्या होतो, संध्याकाळी त्याला दोन बछडे होतात आणि रात्री गावातील माणसे काठ्या घेऊन जागी राहतात. जुन्नरच्या पट्ट्यात उसाच्या फडात बिबट्याची मादी खरोखर पिल्ले घालते, तेथे अंगणात खेळणारे मूल क्षणभर दिसेनासे झाले तरी आईच्या पोटात गोळा येतो. अशा भीतीची उसनवारी आपल्या न लावलेल्या कडीसाठी करणे हा विनोद नव्हे, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे. त्यापुढची पायरी विषाची. मेलेल्या कोंबडीत विष भरून ती कुंपणापाशी टाकली जाते. ती रानमांजर खाते, मुंगूस खाते, वाडीवरचे कुत्रे खाते, आणि कायद्याने संरक्षण दिलेल्या प्राण्याला मारणे हा गुन्हा आहे, हे ठाऊक नसल्याचा आव सुशिक्षित माणसे आणतात. त्या वेळी मात्र कॅमेरा नेमका बंद पडलेला असतो.

शेजारच्या वाडीत कोणतीही म्हातारी दिवेलागणीला मूठभर कणी टाकते, कोंबड्या मोजते, त्या घरातच बांबूच्या डालग्याखाली डालते आणि वर पाटा ठेवते. डालगे म्हणजे उपडी घातलेली विणीची टोपली. तिच्यात बॅटरी नसते. ज्यांना खुराडेच हवे, त्यांच्यासाठीही उपाय अवघड नाही. पातळ तारेची षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही; म्हणून अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्डेड जाळी लावावी आणि उकरणाऱ्या प्राण्यांसाठी ती फूटभर जमिनीत गाडावी. मुंगूस आणि घार दिवसा येतात, तेव्हा पिल्लांवर झाकण हवे. आणि कडी हवी. हार्डवेअरच्या दुकानात ती कॅमेऱ्याच्या खिळ्यांशेजारच्याच खणात मिळते.

तथापि, संशोधन पुढे सरकले आहे. नव्या संचात हालचाल टिपताच कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज काढणारा भोंगा आहे. वाऱ्याने उघडे दार हलले की तो भुंकतो, आणि दार रात्रभर हलत असते. कोंबड्यांनी अंडी देणे थांबवले असून, त्यांना कोणते टॉनिक द्यावे याची चौकशी सुरू आहे.