गंजमीमांसा : पेण-रोहा पाठभेदांसह

गंज हा विषय वरवर घासण्याचा नाही. लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज, एवढं सांगून रसायनशास्त्र हात झटकतं. मीमांसा तिथून पुढे सुरू होते: लोखंड कुणाचं, पाणी कुठल्या गावचं आणि गॅरेज कुणाच्या ताब्यात?

गॅरेजचं लक्षण असं: गाडी सोडून ज्यात सगळं मावतं ते गॅरेज. पेणला गाडी पावसात उभी असते. आत गणपतीचं मखर, रंगाचे रिकामे डबे, बंद पडलेला पंप, आणि खालच्या फळीवर आजोबांची हत्यारं: पटाशी, रंधा, पक्कड, कोयता.

हत्यारं गंजतात का, यावर दोन पक्ष. पेणकर खाडीकडे बोट दाखवतात. धरमतरची खाडी, मिठागरं, खारं वारं. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं आणि खाऱ्या ओलीत गंजाला पाय फुटतात. रोहेकर म्हणतात, मीठ हवंय कशाला? कुंडलिकेकाठचा पाऊस पुरेसा आहे. दोघांचंही खरं असल्यामुळे वाद मिटत नाही. तिसरा पक्ष अल्पमतात आहे. त्याचं म्हणणं, कोकण रेल्वे जिथून सुरू होते त्या रोहा स्टेशनात रूळ नीट पाहा. चाकं फिरतात तो माथा लखलखीत, बाजू तांबूस. पाऊस मात्र दोन्हींवर सारखाच. म्हणजे गंजाचं कारण पाऊस नव्हे, बिनकामाची विश्रांती. हा पक्ष घरात मांडू नये. 'मग वापरा की ती हत्यारं' असं उत्तर येतं.

आता उपाय. चिंचेतलं टार्टारिक आम्ल गंज विरघळवतं, पण चिंच आमटीच्या मालकीची. म्हणून व्हिनेगर. पटाशी रात्रभर बुडवावी. सकाळी काळपट चिखल सुटतो, तारेच्या ब्रशने घासला की खालून करडं पोलाद दिसतं. इथे विद्वान हुरळतात. पाण्याखाली धुवून फडकं शोधेपर्यंत पात्यावर केशरी झाक चढलेली असते. म्हणून फडकं आधी, धुणं नंतर. लगोलग शिवणयंत्राचं तेल. व्हिनेगरात दोन-चार दिवस विसरलात तर आम्ल पोलादही खातं, आणि गंजाने पाडलेले खड्डे कुठल्याच उपायाने भरत नाहीत.

आधुनिक पंडित धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जरची ऋण तार हत्याराला आणि धन तार भंगार लोखंडाला जोडतात. भंगाराऐवजी स्टेनलेसची वाटी घेऊ नये. एक तर ती कुणी घेऊ देणार नाही, आणि दिली तर त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं.

खरवडलेली तांबडी पूड फेकताना जीव हळहळतो. गेरू हाही लोहाचा ऑक्साइडच. तो आपण पैसे मोजून आणतो.

मुहूर्ताबाबत मात्र एकमत आहे: खंडेनवमीची पूर्वसंध्या. पाऊस सरत आलेला, हत्यारांची पूजा उद्यावर, त्यामुळे वर्षाचा आळस एका संध्याकाळी फिटतो. सकाळी तेल लावलेल्या पटाशीवर ओलं हळदकुंकू आणि पाणी शिंपडलेला झेंडू. दसऱ्याला तिथे लालसर ठिपका दिसतो. तो कुंकवाचा की गंजाचा, हे ठरवण्यासाठी ओलं फडकं वापरू नये.