बिनपगारी मुनीम

सेल्टिक्सच्या जेलन ब्राउननं फ्री थ्रो चुकवला की बॉस्टनमधले बाकीचे चाहते कपाळाला हात लावतात. हा गृहस्थ मोबाइल काढून भागाकार करतो. 2024-25 च्या मोसमात ब्राउनचा पगार 4 कोटी 92 लाख डॉलर. सामने 82, म्हणजे सामन्यामागे 6 लाख. सामना 48 मिनिटांचा, म्हणजे मिनिटाला साडेबारा हजार. “आणि त्यात हे असले नेम!” एवढं शेजाऱ्याला ऐकवून तो मान वर करतो, तोवर सेल्टिक्सनी दोन बास्केट केलेल्या असतात.

असे लोक एनबीएच्या प्रत्येक गावात सापडतात. पण बॉस्टनच्या वाणाला तोड नाही.

याचं सुरू झालं ते रागातून. 2023 च्या जुलैत बातमी आली की ब्राउनला पाच वर्षांचे 30 कोटी 40 लाख मिळणार. तोवरचा लीगमधला सगळ्यात मोठा करार. “डाव्या हातानं ज्याला धड ड्रिबल करता येत नाही, त्याला?” म्हणून हा पेटला, आणि नियम वाचायला बसला. तिथंच फसला. दहा वर्षं लीगमध्ये काढलेल्याला सॅलरी कॅपच्या, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरच्या मर्यादेच्या, 35 टक्क्यांपर्यंत पगार घेता येतो. ऑल-एनबीए संघात निवड झाली तर तोच हक्क आधीही मिळू शकतो. ब्राउन त्या वाटेनं आला होता. मग वर्षभरानं कळलं की 30 कोटी 40 लाख हा अंदाज होता. कॅप अपेक्षेइतकी वाढलीच नाही आणि करार साडेअठ्ठावीस कोटींवर आला. वरचे जवळपास 1 कोटी 90 लाख कुठे गेले, हे शोधण्यात याचा अख्खा उन्हाळा गेला. ते कुठंच गेले नव्हते; ते कधी नव्हतेच. राग जागच्या जागी मेला आणि व्यसन लागलं.

त्याला कुणी “कॅप म्हणजे नक्की काय हो?” असं विचारू नये. विचारलंच तर जेवून यावं. आपल्या आयपीएलच्या लिलावात ठरलेली थैली रिकामी झाली की मालक गप्प बसतो. इथे तसं नाही. 1984-85 मध्ये ही मर्यादा संघामागे 36 लाख डॉलर होती, 2025-26 ला ती 15 कोटी 46 लाख झाली, आणि बहुतेक संघ ती खुशाल ओलांडतात. आपलाच खेळाडू परत घ्यायचा असेल तर मर्यादा आड येत नाही. या सवलतीला नाव लॅरी बर्डचं. बर्ड सेल्टिक्सचा, त्यामुळे इथे आवाज थोडा भरून येतो. मग लगेच जॉर्डन. 1997-98 मध्ये अख्ख्या संघाची कॅप 2 कोटी 69 लाख होती आणि एकट्या मायकेल जॉर्डनचा पगार 3 कोटी 31 लाख. त्याच संघात स्कॉटी पिपेन 27 लाख 75 हजारांवर राबत होता, कारण 1991 मध्ये सात वर्षांचा करार करून बसला होता. पिपेनच्या अन्यायाबद्दल हा इतक्या पोटतिडकीनं बोलतो, की ऐकणाऱ्याला वाटावं पिपेन याचा सख्खा मेहुणा.

जुन्या वैऱ्यांची, म्हणजे लेकर्सची, गोष्ट मात्र तो हसत हसत सांगतो. 2016 मध्ये टीव्हीचा नवा पैसा आला आणि कॅप एका उन्हाळ्यात 7 कोटींवरून 9 कोटी 41 लाखांवर उडाली. हातात आलेल्या पैशांत लेकर्सनी तिमोफे मोझगॉव्हला 6 कोटी 40 लाख आणि लुओल डेंगला 7 कोटी 20 लाख देऊन टाकले. डेंगला 2018 मध्ये निरोप दिला, तरी त्याचा हप्ता 2022 पर्यंत चालू होता.

पण याचा खरा लाडका कीथ व्हॅन हॉर्न. 2006 नंतर हा माणूस एनबीएत खेळलेला नाही. 2008 मध्ये डॅलसला जेसन किड हवा होता, पण किडच्या पगाराशी डॅलसच्या बाजूचे पगार जुळेनात. मग घरी बसलेल्या व्हॅन हॉर्नशी नवा करार केला आणि त्याला व्यवहारात घालून न्यू जर्सीकडे रवाना केलं. त्याला 43 लाख मिळाले. कोर्टवर पाऊल नाही. “याला म्हणतात खेळाडू,” असं हा म्हणतो, आणि त्यात उपहास अजिबात नसतो.

एव्हाना माणूस बदलला आहे. 2024 मध्ये सेल्टिक्सनी अठरावं विजेतेपद मिळवलं तेव्हा मिरवणुकीत नाचताना याच्या डोक्यात सेकंड एप्रन होतं. लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या 2023 च्या करारानं आखलेली ही पगाराची रेषा ओलांडली की दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू आणता येत नाही, व्यवहारात रोख घालता येत नाही, सात वर्षांनंतरचा ड्राफ्ट पिकसुद्धा गोठतो. पगार आणि जास्तीच्या पगारावरचा लक्झरी टॅक्स मिळून आकडा 50 कोटी डॉलरच्या पुढे चालला होता. 2025 च्या जूनमध्ये जरू हॉलिडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिस यांना वाटेला लावलं, तेव्हा गाव हळहळलं. यानं मित्रांना पेढे वाटावेत तशी बिअर पाजली. संघाची किंमत 6.1 अब्ज डॉलर ठरली होती. तिच्या धनिक मालकांचा कर वाचला म्हणून स्वतःच्या घराचे हप्ते फेडणारा माणूस मोकळा श्वास घेत होता.

त्यानंतर आठवड्याभरानं मिलवॉकीनं डेमियन लिलार्डला सोडलं. कराराची दोन वर्षं उरली होती. उरलेल्या वर्षांची दुप्पट अधिक एक, म्हणजे पाच वर्षांत थकबाकी पसरायची, असा नियम. रक्कम 11 कोटींच्या वर. लिलार्ड टाच दुखावून बसलेला, तरी पोर्टलंडनं त्याच्याशी आणखी 4 कोटी 20 लाखांचा करार केला. हा नियम याला फारच आवडला. परवा बारमध्ये बिल आलं तेव्हा यानं वेटरला शांतपणे समजावलं, की आपली बैठक एका संध्याकाळची, तेव्हा रक्कम तीन संध्याकाळींत विभागून लावावी. वेटर लेकर्सवाला निघाला. त्यानं बिल तिथेच ठेवलं.