मा. पर्सनल यूज साहेबांस

प्रति,
मा. श्री. पर्सनल यूज साहेब,
द्वारा माझी पांढऱ्या प्लेटची गाडी,
सातपूर एमआयडीसी, नाशिक ४२२००७



आपली प्रत्यक्ष ओळख नाही, पण गेली कित्येक वर्षे आपण एकाच गाडीतून फिरतो, असे माझ्या सीएंच्या कागदांवरून दिसते. पेट्रोल, सर्व्हिसिंग, विमा, घसारा यांची बेरीज झाली की तिच्याखाली एक ओळ येते, ‘वजा : पर्सनल यूज २० टक्के’. ते आपण. पाच सीटच्या गाडीत २० टक्के म्हणजे नेमकी एक सीट. स्टिअरिंगवर मी असतो, शेजारी ड्रॉइंगची गुंडाळी आणि जेवणाचा डबा असतो, तेव्हा आपण मागेच बसत असणार. मागे प्लेटिंगला न्यायचे क्रेट असतात. कुलंटचा वास कपड्यांना लागत असेल, त्याबद्दल दिलगीर आहे.

हा विसाचा आकडा आला कुठून, असे मी सीएंना विचारले. ते म्हणाले, “काहीतरी धरावे लागते. शून्य धरले तर आयकराचे साहेब चिडतात, पन्नास धरले तर तुम्ही चिडता.” कायद्यात वीस कुठेच नाही. १९६१ च्या आयकर कायद्याचे कलम ३८(२) एवढेच सांगते की वस्तू पूर्णपणे धंद्यासाठी वापरलेली नसेल, तर अधिकारी ठरवतील तेवढ्याच वाजवी हिश्शाची वजावट मिळेल. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाला, कलमांचे आकडे बदलले. आपली सीट काही रिकामी झाली नाही.

यावर उपाय म्हणून लॉगबुक ठेवा, असा सल्ला मिळाला. निघताना मीटरचा आकडा, पोचल्यावर आकडा, कारण, सही. केला मी तोही उद्योग. एका रविवारी आईला त्र्यंबकेश्वरला घेऊन निघालो. रस्ता सातपूरवरूनच जातो. पपया नर्सरीच्या अलीकडे प्लेटिंगवाल्याकडे दोन क्रेट उतरवले, पुढे दर्शन घेतले, येताना माल तयार होता तो उचलला. आता सांगा, यातले किती किलोमीटर आपले आणि किती धंद्याचे? आईचे मत असे की तिच्यामुळे माझा हेलपाटा वाचला, म्हणून सगळी फेरी धंद्यातच धरावी. तिला हिशेबाचे शिक्षण नाही, पण आयकराची समज उत्तम आहे. पुरावे म्हणाल तर पंपावरच्या पावत्या मी बिस्किटाच्या डब्यात साठवतो. मार्चमध्ये डबा उघडला की निम्म्या पावत्या कोऱ्या असतात; त्या कागदाची शाई पावसाळासुद्धा काढत नाही.

हे झाले आयकराचे. जीएसटीच्या खात्यात मात्र आपली प्रकृती एकदम सुधारते. तिथे आपण एका सीटवर मावत नाही, पाचही सीट व्यापता. जीएसटी कायद्याचे कलम १७(५) म्हणते, ड्रायव्हरसह १३ सीटपर्यंतच्या प्रवासी गाडीवर भरलेल्या कराचे क्रेडिट नाही. ती भाड्याने चालवणारे, विकणारे, ड्रायव्हिंग शिकवणारे वेगळे. मी तिच्यातून दिवसभर फक्त क्वोटेशनं वाटली तरी नाही. त्या गाडीच्या विम्यावर आणि दुरुस्तीवरही नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाडीवरचा कर २८ चा १८ टक्के झाला, म्हणजे आठ लाखांच्या गाडीवर १ लाख ४४ हजार. ते किमतीत मिसळायचे आणि ९ लाख ४४ हजारांवर १५ टक्के घसारा धरायचा : १ लाख ४१ हजार ६००. त्यातले २८ हजार ३२० पुन्हा आपले. एका खात्यात आपण शंभर टक्के आणि दुसऱ्यात वीस. साहेब, डॉक्टरांना दाखवा.

चौदा सीटची गाडी घेतली तर क्रेडिट मिळते म्हणे. एक टर्न केलेली पिन दाखवायला मी एकटा टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन व्हिजिटर पार्किंगमध्ये शिरलो, तर कंपनीचा परचेसवाला मला ऑर्डर देईल की लग्नाची आमंत्रणे मागेल?

आणि हे सगळे चालते सातपुरात, जिथे गाड्यांवरच आमचे पोट आहे. इथल्या महिंद्राच्या कारखान्यातून २००२ साली स्कॉर्पिओ बाहेर पडली. आमच्या गल्लीत कोणी बुश करतो, कोणी ब्रॅकेट, कोणी नुसते डीबरिंग. बारच्या स्टीलवर कर भरला, क्रेडिट मिळाले. इन्सर्ट, ड्रिल, कटिंग ऑइल, सगळ्यांवर मिळाले. आमचा भाग पुढे गेला, तिथेही क्रेडिट. अशी क्रेडिटची साखळी शोरूमच्या दारापर्यंत येते आणि तीच गाडी तो बुश करणाऱ्याने घेतली की तुटते, कारण आत आपण बसलेले!

मुहूर्ताचेही ऐका. गाडी घेतली त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर त्या वर्षी घसारा निम्मा. ३१ मार्चपासून मागे मोजले की ३ ऑक्टोबर येतो. २०२५ चा दसरा २ ऑक्टोबरला होता, एका दिवसाने वाचलो. २०२४ चा १२ ऑक्टोबरला होता, त्या दिवशी हार घातलेल्या सगळ्या गाड्या निम्म्यात गेल्या. उलट २०२५ चा गुढीपाडवा ३० मार्चला आला. त्या दिवशी गाडी घेऊन कामाला लावली, तर दोन दिवसांच्या वापरावर अर्ध्या वर्षाचा घसारा. पंचांगकर्ते आणि सीए यांनी एकदा एकत्र बसायला हवे.

आपल्यापासून सुटका नाही असे नाही. कलम ४४एडीखाली, म्हणजे नवीन कायद्यात त्याच्या जागी जे असेल त्याखाली, उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा धरून मोकळे व्हावे. मग आपण उतरता, पण गाडीही आपल्याबरोबर हिशेबातून जाते. दुसरे, प्रायव्हेट लिमिटेड व्हावे. गुजरात उच्च न्यायालयाने सयाजी आयर्न अँड इंजिनिअरिंगच्या प्रकरणात म्हटले आहे की कंपनी ही निर्जीव, तिचा कसला वैयक्तिक वापर? बरोबर आहे. कंपनीला आई नसते, तिला त्र्यंबकला जायचे नसते. मला दोन्ही आहे, म्हणून मी प्रोप्रायटर. अमेरिकेत असा माणूस मैल लिहून ठेवतो आणि २०२५ सालासाठी मैलाला ७० सेंट खर्च दाखवू शकतो. आपल्याकडे असा ठरीव दर नाही, आपण आहात.

आता खरे गाऱ्हाणे. मागे कंपनीच्या गेटजवळ एका टेम्पोने माझ्या गाडीला मागून ठोकले. डिकी चेपली, आतले क्रेट रस्त्यावर सांडले. विम्याच्या सर्व्हेअरने आधी डिकी पाहिली नाही, रस्त्यावरच्या पिना पाहिल्या. खासगी गाडीच्या पॉलिसीत मालवाहतूक बसत नाही; नमुने आणि स्वतःचे सामान तेवढे चालते. मी म्हणालो, नमुनेच आहेत. तो म्हणाला, “चारशे?” त्या क्षणी, साहेब, मला आपली पहिल्यांदाच गरज होती. वर्षानुवर्षे ज्यांची २० टक्के उपस्थिती सरकारदरबारी नोंदलेली आहे, ते आपण मागच्या सीटवरून उतरून एवढे सांगायला हवे होते की ही गाडी घरचीच आहे. आपण उतरला नाहीत. क्लेम उतरला, तोही शून्यावर.

तेव्हा विनंती एवढीच. कर भरताना जितके हजर असता, तितकेच नुकसानीच्या दिवशीही हजर राहा. नाहीतर माझ्या २८ हजार ३२० ची सीट सोडा, तिथे मला अजून एक क्रेट ठेवता येईल.

आपला सहप्रवासी,
सातपूरचा एक जॉबवर्कवाला

ता. क. (वाचकांसाठी) : आपल्या गाडीच्या पॉलिसीत ‘लिमिटेशन्स ॲज टू यूज’ नावाचा बारीक अक्षरांतला परिच्छेद असतो. डिकीत माल टाकण्याआधी तो वाचा, आणि रोजच माल न्यायचा असेल तर मालवाहू गाडी घ्या. तिच्यावर जीएसटीचे क्रेडिटही मिळते.