मत कुणाला, बा?

गुजरातमधल्या करजणमध्ये निवडणूक लागली की उमेदवार ज्या घरांच्या पायऱ्या न चुकता चढतात, त्यांत या आजीचं घर असतंच. घरात ती आजी, गल्लीत ‘बा’. मराठी देवासमोर आणि सुनेसमोर, गुजराती भाजीवाल्यासमोर. गायकवाडी मुलखातल्या जुन्या मराठी घरांत अशी एखादी तरी सापडतेच. वय नव्वदीच्या पुढचं. उमेदवार वाकून पाया पडतो, ती तोंडभर आशीर्वाद देते, आणि तो मत मिळालं असं समजून जातो. दुसऱ्या पक्षाचा येतो, त्यालाही तेवढाच आशीर्वाद.

हिने पहिलं मत दिलं 1952 साली. बडोदा संस्थान मुंबई राज्यात जाऊन तीन वर्षंही झाली नव्हती. तेव्हा प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचं चिन्ह. नवऱ्याने घरून बजावून धाडलं होतं : बैलजोडीची पेटी, विसरू नकोस. विसरेल कशी? मियागामहून डभोईकडे जाणारी गायकवाडांची रेल्वे 1862 साली बैलांनीच ओढली होती, ही गोष्ट ती सासऱ्यांकडून रोज जेवताना ऐकत होती. केंद्रावर साहेबाने नवऱ्याचं नाव विचारलं. नाव कसं घ्यायचं? तिने पदर सावरला आणि सुरू केलं, ‘‘बैलांची गाडी लागली डभोईच्या वाटेला, अमुकरावांचं नाव घेते मताच्या पेटीला!’’ साहेब गुजराती. त्याला फक्त नाव कळलं, तेवढं पुरलं.

मत मात्र कोणत्या पेटीत पडलं, ते तिलाच ठाऊक. नवरा जन्मभर ते आपलंच समजत राहिला. सयाजीराव महाराजांनी 1906 पासून संस्थानभर मुलींनाही शाळा सक्तीची केली, त्याचा हा परिणाम पुरुषांनी कधी हिशेबात धरला नाही. बायकोला चिन्ह दाखवावं लागतं, या समजुतीत ते खुशाल होते.

पुढे बैलजोडी गेली, गाय-वासरू आलं, मग पंजा. पेटीच्या जागी शिक्का, शिक्क्याच्या जागी बटण. नवऱ्याच्या जागी मुलगा सांगू लागला, आता नातू मोबाइलवर चिन्ह मोठं करून दाखवतो. आजी सगळ्यांना ‘बरं’ म्हणते. हे ‘बरं’ मोठं कामाचं आहे. त्याच्या जोरावर एकाच घरातल्या तीन पुरुषांनी तीन वेगळ्या पक्षांत तिचं मत मोजलं.

2020 ची विधानसभेची पोटनिवडणूक तिची विशेष आवडती. 2017 ला काँग्रेसकडून निवडून आलेले अक्षय पटेल राजीनामा देऊन भाजपकडून उभे राहिले आणि पुन्हा जिंकले. मुलगा चवताळून तत्त्वांवर बोलत होता. आजी शेंगा सोलत म्हणाली, ‘‘अरे, मुलगी तीच, सासर बदललं. आहेर तेवढा पुन्हा करायचा.’’ तिने कुणाला आहेर केला, हे अर्थातच सांगितलं नाही.

2024 च्या लोकसभेला पंच्याऐंशीच्या पुढच्यांना घरून मत देता येईल असं कळलं, तेव्हा सगळे खूश झाले. मे महिन्याचं ऊन, म्हातारीला त्रास नको. आजीने साफ नकार दिला. ‘‘घरी? आणि सून स्वयंपाकघरातून बघणार!’’ 7 मेला ती इस्त्रीचं लुगडं नेसून रिक्षात बसली. तालुका वडोदरा जिल्ह्यात असून आपला खासदार भरूचचा कसा, हे मुलाने वाटेत पुन्हा समजावलं. ती म्हणाली, बरं.

बटणाशेजारच्या यंत्रात हल्ली मताची चिठ्ठी सात सेकंद दिसते, ही सुधारणा तिला मुळीच पसंत नाही. आत कुणी नसतानाही ती पदराने काच झाकते.

तेव्हा करजणच्या भावी उमेदवारांनो, त्या घरी जाल तेव्हा ओसरीवर बसलेल्या मुला-नातवांशी हिशेब मांडत बसू नका. चहा घ्या, पाया पडा आणि निघा. तिथे कुणालाच काही ठाऊक नाही.