वरलक्ष्मी आणि पुढचं स्टेशन

बेंगळुरूत मला ज्यांनी कन्नड शिकवलं, त्या बाई माझ्याशी स्टेशनांपलीकडचं कधी काही बोलल्या नाहीत. 'मुंदिन निल्दाण', म्हणजे पुढचं स्टेशन, असं म्हणायच्या, किंचित थांबायच्या आणि मग हलसूरु, इंदिरानगर, बैयप्पनहळ्ळी ही नावं अशी उच्चारायच्या की उतरायचं नसलं तरी उतरावंसं वाटे. 'ळ' या अक्षराला इतक्या मानाने वागवणारं माणूस मी पुणं सोडल्यापासून ऐकलं नव्हतं. खरं तर पुण्यातही शेवटी शेवटी ऐकलं नव्हतं.

अशा गुरूकडे भाषा शिकण्यात एक अडचण असते. माझं सगळं कन्नड मेट्रोच्या घोषणेच्या चालीवर निघू लागलं. त्याच भारदस्त सुरात भाजीवालीला कोथिंबिरीचा भाव विचारला, तर तिने आधी पदर सावरला आणि मग उत्तर दिलं. रिक्षावाले मला सरकारी माणूस समजून मीटर टाकू लागले. बेंगळुरूत राहिलेल्यांना ही केवढी सिद्धी आहे ते सांगायला नको.

शेजारी बेळगावच्या काकू राहतात. मराठी आणि कन्नड दोन्हीत त्या सारख्याच सहजतेने भांडू शकतात. एका शनिवारी आम्ही दोघं त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा टीव्हीवर 'मजा टॉकीज' चालू होतं. कलर्स कन्नडवरचा, २०१५ साली सुरू झालेला, सृजन लोकेश यांचा कार्यक्रम. दिवाणखान्याचा सेट, घरची माणसं म्हणून जमलेले विनोदी नट, सिनेमाची जाहिरात करायला आलेले पाहुणे, अशी कपिल शर्माच्या वळणाची मांडणी. पडद्यावर एक नटलेल्या बाई अवतरल्या. नाव वरलक्ष्मी. स्वतःवर त्यांचं इतकं प्रेम होतं की दुसऱ्या कुणाला संधीच नव्हती. स्वतःला 'वन अँड ओन्ली' म्हणवत त्या सेटभर मिरवत होत्या आणि काकू डोळे पुसत हसत होत्या.

"ओळखलास काय रे हिला?" काकूंनी विचारलं.

"नाही बुवा."

"नाही काय? रोज सकाळ-संध्याकाळ हिच्याबरोबरच हिंडतोस की!"

माझी बायको हातातली पोळी तशीच ठेवून स्वयंपाकघरातून बाहेर आली. पुढची पाच मिनिटं घरात जे घडलं ते विनोदी होतं, पण ते मला नंतर कळलं.

त्या बाई म्हणजे अपर्णा. अपर्णा वस्तारे. नम्म मेट्रोच्या कन्नड घोषणांचा आवाज. चिक्कमगळूरु जिल्ह्यात जन्मलेल्या. पुट्टण्णा कणगाल यांच्या 'मसणद हूवु' या शेवटच्या चित्रपटातून १९८०च्या दशकात पडद्यावर आल्या. नाव कमावलं मात्र आवाजाने. आकाशवाणी, दूरदर्शन, सरकारी समारंभ. कर्नाटकात कुठेही समई लावायची असली की माइकशी अपर्णा, अशी जवळजवळ प्रथाच होती. १९९८ साली दिवाळीच्या कार्यक्रमांचं सलग आठ तास निवेदन केल्याचा विक्रम त्यांच्या नावावर सांगितला जातो. आठ तास शुद्ध बोलणं म्हणजे काय, याचा अंदाज यावा म्हणून सांगतो : आमच्या सोसायटीच्या सभेत सचिव शुद्ध बोलायला सुरुवात करतात आणि पार्किंगचा विषय निघेपर्यंत टिकतात. पार्किंगचा विषय दुसराच असतो.

तर अशा बाई, पन्नाशी समोर दिसत असताना, वरलक्ष्मी झाल्या. समजा, प्रदीप भिडे यांनी बातम्या संपवल्या, कागद जुळवले, नमस्कार केला आणि तिथून थेट 'चला हवा येऊ द्या'च्या थुकरटवाडीत जाऊन कुशल बद्रिकेंच्या थोरल्या जावेची भूमिका केली. मराठी घरांत काय झालं असतं? निम्म्या घरांनी ॲण्टेना तपासला असता.

मला त्या पहिल्या शनिवारी हसू आलं नव्हतं. काकू मात्र वरलक्ष्मीने तोंड उघडायच्या आधीच हसत होत्या. याचं कारण लक्षात यायला मला बराच काळ लागला. काकूंनी त्या बाईंना तीसेक वर्षं गंभीर बघितलं होतं. काठपदराची साडी, सरळ मान, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ती तीस वर्षांची ठेव अपर्णाबाई दर आठवड्याला भर सेटवर मोडत होत्या, आणि व्याज काकूंना मिळत होतं. माझं त्या बँकेत खातंच नव्हतं. मला दिसत होती फक्त मेकअप केलेली एक बाई.

आपल्याकडे उलट प्रवासाचं एक झकास उदाहरण आहे. भक्ती बर्वे मुंबई दूरदर्शनवर बातम्या द्यायच्या, आणि १९७५ साली त्यांनीच पु. लं.च्या 'ती फुलराणी'त मंजुळा उभी केली. मंजुळेची गावरान बोली घासूनपुसून शुद्ध होत जाते आणि त्यातून नाटकभर हशा पिकतो. बातम्यांतला तो स्वच्छ मराठी आवाज ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला मंजुळेचे पहिले प्रवेश दुप्पट गोड लागले असणार. ज्याला नियम पक्का येतो त्यालाच तो ऐटीत मोडता येतो. ज्याला येत नाही त्याचं नुसतंच चुकतं. मी कन्नड बोलतो तेव्हा लोक हसतात, पण त्याला कुणी अभिनय म्हणत नाही.

ही बाब आमच्या मराठी मंडळाच्या सांस्कृतिक समितीच्या गळी उतरवायचा मी कसून प्रयत्न केला. दर गणपतीत आमचं एक स्किट असतं. ते बसवताना पहिली चर्चा 'साडी कोण नेसणार' यावर होते, आणि ती संपली की संहितेचं काम पूर्ण झालं असं मानतात. साडी नेसलेला पुरुष विंगेतून रंगमंचाच्या मध्यावर येईपर्यंत हशा असतो. तिथून पुढची अकरा पानं कुणी लिहिलेलीच नसतात. 'चला हवा येऊ द्या'त भाऊ कदम किंवा सागर कारंडे साडीत यायचे तेव्हा साडी लगेच विसरायला व्हायची, कारण आत एक अख्खी बाई असायची, तिच्या कमरेच्या दुखण्यासकट. आमच्याकडे आत प्रोजेक्ट मॅनेजर असतो. त्याचं अप्रेझल जवळ आलेलं असतं, ते चालण्यातूनही दिसतं.

टीव्हीवर स्किट करणाऱ्याचं आयुष्य मजेचं असेल अशी आपली समजूत असते. नाटकाचा नट एक भूमिका शेकडो प्रयोगांत घासून गुळगुळीत करतो. स्किटवाल्याला या आठवड्यात दारुडा व्हायचं, पुढच्या आठवड्यात विहीण, त्यापुढे भूत. पाठांतर संपेतो चित्रीकरण, चित्रीकरण संपेतो ते पात्र रद्दीत. आणि त्यातलं एखादं पात्र लोकांना आवडलं की पंचाईतच. मग ते पात्र नटाला सोडत नाही. 'मजा टॉकीज'मधलेच प्रताप घ्या. उदय टीव्हीवर लोकांच्या फिरक्या घेणारा 'कुरिगळु सार कुरिगळु' नावाचा त्यांचा कार्यक्रम होता. कुरी म्हणजे मेंढी. कार्यक्रम गेला, मेंढी राहिली. आज ते सगळ्या कर्नाटकात कुरी प्रताप आहेत. सिनेमाच्या श्रेयनामावलीतही कुरी, 'बिग बॉस'च्या घरातही कुरी. आपल्या गौरव मोरेंना 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणतात, त्यात निदान बच्चन तरी आहे.

आता एक गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही, कारण मी मराठी आहे. सृजन लोकेश हे नट लोकेश यांचे चिरंजीव, आणि लोकेश हे सुब्बय्या नायडूंचे. सुब्बय्या नायडू म्हणजे १९३४ साली बेंगळुरूत झळकलेल्या पहिल्या कन्नड बोलपटाचे, 'सती सुलोचना'चे नायक. हा बोलपट चित्रित कुठे झाला? कोल्हापुरात! छत्रपती सिनेटोनमध्ये! म्हणजे या घराण्याची मूळ टॉकीज आमच्या रंकाळ्याच्या पाण्यावर वाढलेली. हा शोध मी काकूंना मोठ्या अभिमानाने सांगितला. काकू म्हणाल्या, "मग? माणसं हितलीच गेलेली की. तुम्ही फक्त जागा दिलासा." बेळगावच्या माणसाशी सीमेपलीकडच्या विषयावर वाद घालू नये. त्यांना दोन्ही बाजू येतात.

११ जुलै २०२४ रोजी अपर्णाबाई गेल्या. फुप्फुसाचा कर्करोग. वय अठ्ठावन्नच्या आसपास. आयुष्यभर श्वासावर हुकमत ठेवणाऱ्या बाईंना नेमका हा आजार व्हावा, यावर विनोद करण्याची ताकद माझ्यात नाही. वरलक्ष्मीत कदाचित असती. दुसऱ्या दिवशी मेट्रोत कानांतले इअरफोन काढून घोषणा ऐकणारे लोक मी पाहिले. बेंगळुरूत माणूस इअरफोन काढतो म्हणजे काय, हे तिथल्या माणसालाच कळेल.

काकू मात्र रागावल्या होत्या. भेटायला येणारा जो तो मेट्रोचा आवाज, शुद्ध उच्चार, निवेदनातली मर्यादा याबद्दल बोलत होता. "वरूबद्दल कुणी एक शब्द काढंना," त्या म्हणाल्या. "शुद्ध बोलत्यात म्हणून सगळे पाया पडतात. तेवढं सगळं बाजूला ठेवून चारचौघांत वेडं व्हायला काळीज लागतंय रे." काकूंचं म्हणणं मला पटतं. विनोदी काम हे आपल्याकडे नेहमी बायोडेटाच्या शेवटच्या ओळीत जातं, 'तसेच' या शब्दानंतर. शुद्ध बोलण्याबद्दल शाल मिळते, हसवण्याबद्दल सेल्फी.

यंदा समितीच्या बैठकीत मी साडीच्या मुद्द्याच्या आधीच हात वर केला. आमच्या मंडळात गेली कित्येक वर्षं एकच बाई निवेदन करतात. 'रसिकहो' म्हटल्याशिवाय त्या चहासुद्धा मागत नाहीत. त्यांच्या 'प्रस्तुत कार्यक्रम' या दोन शब्दांना मुलं दंगा थांबवतात. भांडखोर विहिणीची भूमिका त्यांना द्यावी, असं मी सुचवलं. खोलीत शांतता पसरली. अध्यक्षांनी खाकरून विषय पुढे ढकलायचा प्रयत्न केला. एक जण म्हणाला, मंडळाची प्रतिष्ठा आहे. दुसरा म्हणाला, त्यांना वाईट वाटेल. तिसऱ्याने साडी आधीच आणून ठेवली होती, तो दुखावला.

बाई कोपऱ्यात सगळं ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि त्याच समई लावण्याच्या सुरात विचारलं, "रसिकहो, प्रस्तुत विहिणीला शिव्या संहितेत दिल्या आहेत, की मी घरून आणू?"