बिशपला किल्ला कशाला?

न्यूकॅसल, रविवार

ती. अण्णा व ती. आई यांना शि. सा. नमस्कार.

डरहॅमचा किल्ला पाहायला चाललोय म्हटल्यावर अण्णा फोनवर म्हणाले होते, "धर्मगुरूला किल्ला कशाला लागतो? जपजाप्य करावं, स्वस्थ बसावं." त्याला उत्तर म्हणून हे पत्र.

अण्णा, ही सगळी विल्यम राजाची हुशारी. 1066 साली त्याने इंग्लंड जिंकलं खरं, पण उत्तरेत त्याला कोणी जुमानेना, वर स्कॉटलंडचा शेजार. म्हणून 1072 मध्ये डरहॅमला किल्ला उठला आणि पुढे मुलखाचा कारभार बिशपच्या हाती गेला. बिशपला नेमायचा फायदा असा, की त्याला औरस मुलं नसतात. म्हणजे वतनावरून भाऊबंदकी नाही. एक गेला की राजाने आपला दुसरा बसवायचा. बदल्यात बिशपला स्वतःची न्यायालयं, स्वतःचे कर, स्वतःचं सैन्य. टांकसाळसुद्धा! अँटनी बेक नावाचे बिशप तर 1298 मध्ये फॉलकर्कच्या लढाईत फौज घेऊन उतरले होते. जपजाप्य कधी करत असतील, देव जाणे.

पहिल्यांदा ही सत्ता हाती आलेल्या वॉल्चर बिशपला मात्र ती पचली नाही. 1080 मध्ये गेट्सहेडला चिडलेल्या जमावाने त्यांना ठार केलं. हे तेच गेट्सहेड, जिथे आम्ही शनिवारी सामान आणायला जातो. तुमचे चिरंजीव आता तिथे पार्किंगवरून कोणाशी वाद घालत नाहीत.

किल्ल्याची जागा पाहून अण्णा खूश झाले असते. वेअर नदीने तीन बाजूंनी वेढलेली टेकडी, तिच्या चिंचोळ्या तोंडावर किल्ला आणि पाठीशी कॅथेड्रल. चिरंजीवांना लहानपणी तुम्ही इतके गड चढायला लावलेत, की आत पाऊल टाकताच त्यांनी गाईडला पाण्याचं टाकं आणि चोरदरवाजा कुठे ते विचारलं. गाईड म्हणजे कॉलेजातली पोरगी. ती गोड हसली आणि पुढे चालू लागली.

आई, तुम्हाला दाखवायला हवं होतं ते स्वयंपाकघर. रिचर्ड फॉक्स या बिशपनी 1499 मध्ये ते करून घेतलं आणि आजही तिथेच स्वयंपाक होतो. आमच्या चांगल्या धडधाकट ओट्याला जुनाट म्हणून कॅटलॉग चाळणाऱ्या माणसाला मी तिथे जरा जास्तच वेळ उभं केलं.

अण्णांसाठी जिना. 1662 मध्ये कोसिन बिशपनी चार मजली लाकडी जिना बांधला, खालून आधार न देता, नुसता भिंतीतून काढलेला. व्हायचं तेच झालं. जिना कलला आणि मागाहून खांब द्यावे लागले. अजूनही तिरका आहे. बांधकाम खात्यात हयात घालवलेल्या माणसाने यावर काय शेरा मारला असता, ते मी तुमच्या नातीला, सईला, तुमच्याच आवाजात ऐकवलं.

प्रार्थनामंदिरात उभ्या उभ्या टेकण्यासाठी उचलायच्या फळ्या आहेत, त्यांच्याखाली कोरीव काम. एकीवर एक माणूस बाईला हातगाडीत बसवून ढकलत चाललाय. "हीसुद्धा भक्तीच," असं चिरंजीव पुटपुटले. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

पण कमाल हॅटफिल्ड बिशपची. चौदाव्या शतकात त्यांनी शेजारच्या कॅथेड्रलमध्ये आपलं उंच सिंहासन उभारलं ते थेट स्वतःच्या थडग्यावर. हयातीत बसायची आणि मागाहून पडायची सोय एकाच जागी!

हा थाट 1836 पर्यंत चालला. राजासारखी सत्ता असलेले शेवटचे बिशप व्हॅन मिल्डर्ट यांना बहुधा वाऱ्याची दिशा कळली असावी; 1832 मध्ये विद्यापीठ निघालं त्यात त्यांचा पुढाकार होता. ते गेल्यावर किल्लाच विद्यापीठाला मिळाला. बालेकिल्ला पडायला आला होता, तो नव्याने बांधून त्यात मुलांच्या खोल्या काढल्या. आज बेकसाहेबांनी बांधलेल्या भव्य दिवाणखान्यात भिंतीवरच्या तसबिरींखाली पोरं परीक्षेच्या गप्पा मारत जेवतात. मला विचाराल तर नऊशे वर्षांत त्या वास्तूचा याहून चांगला उपयोग कोणी केला नसेल. सईने तिथेच शिकायचं ठरवलंय. गणिताचं काय, हे अजून ठरलेलं नाही.

कॉलेजला सुट्टी असली की किल्ल्यात पाहुण्यांना राहायला खोल्या देतात. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही दोघं याच. न्याहारी त्याच दिवाणखान्यात असते, पण इथल्या न्याहारीत टोमॅटोच्या गोडसर रसातले घेवड्याचे दाणे असतात. तेव्हा आई, शेंगदाण्याची चटणी जास्त घ्या.

तुमची सून,
मेधा