समतेची फास्ट लोकल कोपरला थांबत नाही

कोपर स्टेशन दुमजली आहे. खाली मध्य रेल्वेचा मुख्य मार्ग, वर दिवा-वसईचा. पाटीवर नाव एकच, पण खालच्या गाडीची वरच्या गाडीशी जन्मात गाठ पडत नाही. पडायची तर प्रवाशानंच धापा टाकत जिना चढायचा. फास्ट लोकल तर इथं थांबतच नाहीत. समलिंगी विवाहाच्या वादात आपल्या कंपन्या नेमक्या कुठे उभ्या आहेत हे ज्याला समजून घ्यायचं असेल, त्यानं संध्याकाळच्या गर्दीत या फलाटावर अर्धा तास काढावा. मुंबईच्या मुख्यालयात ठरलेलं समतेचं धोरण फास्टनं सुटतं. कोपरच्या गिऱ्हाइकाला त्याचा फक्त वारा लागतो.

६ सप्टेंबर २०२१ ची गोष्ट. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ विरुद्धच्या निकालाला तीन वर्षं झाली तो मुहूर्त साधून ॲक्सिस बँकेनं जाहीर केलं, की समलिंगी जोडीदारांना एकत्र बचत खातं काढता येईल, एकमेकांना नॉमिनी लावता येईल, आणि नावाआधी श्री किंवा श्रीमती नको असेल तर 'एमएक्स' लिहिता येईल. दुसऱ्याच दिवशी, ७ सप्टेंबरला, दोन वर्षं बंद असलेला डोंबिवलीतला कोपरचा पूल गणपतीच्या तोंडावर खुला झाला. डोंबिवलीत यापैकी कोणत्या बातमीची जास्त चर्चा झाली, हे सांगायला ज्योतिषी नको.

त्यानंतर दीडेक महिन्यानं करवा चौथ आला. डाबरनं आपल्या 'फेम' ब्लीचची जाहिरात सोडली. एक तरुणी दुसरीच्या चेहऱ्याला क्रीम लावते आहे, उपास कशासाठी याच्या गप्पा चालल्या आहेत, घरातली वडीलधारी बाई दोघींना नव्या साड्या देते आणि शेवटी चाळणीतून चंद्र बघून झाल्यावर दोघी एकमेकींकडे बघतात. नवरा चित्रात नाहीच. क्रांती खरी, पण ती गोरेपणाच्या डब्यात भरून आली होती. म्हणजे सनातनी मंडळी उपासावरून चिडली आणि पुरोगामी ब्लीचवरून. एकाच जाहिरातीनं दोन्ही पक्षांना एकत्र आणायची किमया फार कमी जणांना साधते.

मग मध्य प्रदेशचे तेव्हाचे गृहमंत्री नरोत्तम मिश्रा यांनी कारवाईची भाषा केली आणि डाबरनं जाहिरात मागे घेऊन बिनशर्त माफी मागितली. तारखा बघण्यासारख्या आहेत. करवा चौथ होता २४ ऑक्टोबरला. माफी आली २५ ला. चंद्र बघून झाला, उपास सुटला, ब्लीच विकायचं तेवढं विकलं गेलं, आणि मग कंपनीला भावना दुखावल्याचा साक्षात्कार झाला. (वटपौर्णिमेला असा प्रयोग कुणी केलेला नाही. सात जन्मांची हमी देताना ब्रँड मॅनेजरचे हात कापत असावेत.)

तनिष्कचं उदाहरण याहून मजेशीर. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कलम ३७७ पुन्हा जिवंत केलं, तेव्हा या दागिनेवाल्यांनी एकसारख्या कानातल्यांचं चित्र टाकून सारख्याला सारखं शोभतं अशा अर्थाचा टोला हाणला होता. टाळ्या पडल्या. सात वर्षांनी, ऑक्टोबर २०२० मध्ये, मुस्लिम घरातल्या हिंदू सुनेच्या डोहाळजेवणाची जाहिरात त्यांनी केली आणि आरडाओरडा होताच कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेचं कारण देऊन काढून घेतली. कारण खोटं नव्हतं. दगड पडला तर तो मुख्यालयाच्या काचेवर पडत नाही, डोंबिवलीच्या फडके रोडसारख्या रस्त्यावरच्या शोरूमच्या काचेवर पडतो, आणि काचेमागे महिन्याच्या पगारावर काम करणारी मुलगी उभी असते. भूमिका घेणारा वर, मार खाणारा खाली. पुन्हा कोपर स्टेशनच.

तनिष्क ज्या टाटा घराण्यातलं, त्यातल्याच टाटा स्टीलनं मात्र २०१९ च्या अखेरीस गाजावाजा बेताचा ठेवून कर्मचाऱ्यांना समलिंगी जोडीदाराची नोंद करायची मुभा दिली. दवाखान्याच्या सवलती, दत्तक मुलासाठी रजा, बाळ झाल्यावरची रजा आणि यादीत चक्क मधुचंद्राचं पॅकेजही. म्हणजे या देशात अशा जोडप्याला लग्न नाही, पण कंपनीकडून हनिमून आहे. वरातीआधी मांडव परतणी!

लग्नाच्या बाजारात जाहिरातीचं गाडं आधी कुठे अडतं हे मे २०१५ मध्ये मुंबईत दिसलं. हरीश अय्यर यांची आई पद्मा अय्यर आपल्या मुलासाठी वर शोधत होत्या. त्यांची छोटी जाहिरात छापायला मोठ्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी कायद्याकडे बोट दाखवून नकार दिला. अग्रलेखाचं पान समतेचं आणि जाहिरातीचं पान वकिलाचं. शेवटी 'मिड-डे'नं ती छापली. प्राणिप्रेमी, शाकाहारी मुलगा हवा, जातीची अट नाही. मात्र अय्यर असल्यास प्राधान्य! ते गमतीत लिहिल्याचं आईनं नंतर सांगितलं. पण कुठल्याही वधूवर सूचक मंडळाचं रजिस्टर चाळलेल्या माणसाला ही आई अगदी आपल्यातली वाटली असणार. हेच हरीश अय्यर पुढे ॲक्सिस बँकेत सर्वसमावेशकतेचं काम बघू लागले आणि सर्वोच्च न्यायालयातल्या समलिंगी विवाहाच्या खटल्यात याचिकाकर्तेही झाले.

त्या खटल्याची सुनावणी एप्रिल-मे २०२३ मध्ये दहा दिवस चालली. ही मागणी शहरी अभिजनांची, असं सरकारनं सांगितलं. बार कौन्सिलनं देशातल्या ९९.९ टक्क्यांहून जास्त लोकांचा विरोध असल्याचा ठराव केला. एवढं अचूक प्रमाण काढायला दिव्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये मोजणी केली होती का, ते ठरावात नव्हतं. केंद्रानं राज्यांची मतं मागवली. राजस्थान, आंध्र आणि आसामनं विरोध कळवला. महाराष्ट्रानं आणखी वेळ मागितला. समाजसुधारकांच्या तसबिरी भिंतीवर असल्या की वेळ मागायला हरकत नसते.

अमेरिकेत २०१५ च्या खटल्यात ३७९ कंपन्या आणि संस्थांनी मिळून विवाहाच्या बाजूनं न्यायालयात निवेदन दिलं होतं. आपल्याकडे अशी रांग लागली नाही. कलम ३७७ विरुद्ध ललित हॉटेलांचे केशव सुरी २०१८ मध्ये स्वतःच्या नावानं न्यायालयात गेले होते. विक्रोळीत गोदरेजच्या कल्चर लॅबनं त्याच वर्षी पारलिंगी व्यक्तींना नोकरीत कसं सामावून घ्यावं याचा जाहीरनामा काढला. (विक्रोळीला धीमी गाडी थांबते, हा योगायोग.) बाकी बहुतेकांनी जून महिन्यात लोगो रंगवला आणि जुलैत धुऊन टाकला. अर्थात अमेरिकेचाही फार गौरव नको. वारा फिरला तसे २०२५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या प्राइड मिरवणुकीचे जुने मोठे प्रायोजक पाकीट घेऊन घरी गेले.

खरा व्यापारी या वादात पडत नाही. ३० डिसेंबर २०१७ ला यवतमाळच्या एका हॉटेलात दोन पुरुषांचं लग्न झालं. कलम ३७७ तेव्हा जिवंत होतं. तरी हॉल मिळाला. आपल्याकडचे मंगल कार्यालयवालेही, उद्या कायदा झालाच, तर घटनापीठाचं निकालपत्र न वाचता आधी ताटांचा आकडा विचारतील, आणि दोन्हीकडून नवरदेव असल्यास घोडे दोन लावायचे का, एवढंच.

कायदा मात्र झालेला नाही. सुप्रिया सुळे यांनी १ एप्रिल २०२२ ला लोकसभेत विशेष विवाह कायद्यात बदल सुचवणारं खासगी विधेयक मांडलं होतं, ते पुढे सरकलं नाही. १७ ऑक्टोबर २०२३ ला घटनापीठानं विवाहाचा मूलभूत हक्क नाही असा निकाल दिला, ९ जानेवारी २०२५ ला फेरविचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. मधल्या काळात, २८ ऑगस्ट २०२४ ला, अर्थ मंत्रालयानं खुलासा केला, की समलिंगी जोडीदारांना एकत्र खातं काढायला आणि एकमेकांना नॉमिनी लावायला कोणतीही आडकाठी नाही. 'आता परवानगी दिली' असं नव्हे. आडकाठी नाही, असं. त्यामुळे तीन वर्षांपूर्वीची ती धाडसी घोषणा मनाई नसलेल्या गोष्टीची होती, असंही म्हणता येईल. तरी ती फुकट गेली म्हणू नये. काउंटरवरचा प्रश्न कायद्याचा नसतोच, "नातं काय लिहू?" एवढाच असतो, आणि त्यावर मागे रांगेतले चार जण मान पुढे काढतात.

तेव्हा कोपर-डोंबिवलीच्या ज्या वाचकांना असं खातं काढायचं असेल, त्यांनी लोगोचा रंग बघत बसू नये. २८ ऑगस्ट २०२४ च्या त्या खुलाशाची प्रत काढून खिशात ठेवावी, दोघांचं आधार आणि पॅन घ्यावं आणि जेवणाच्या सुट्टीआधी शाखा गाठावी.